भेटीचं रडणं

चंद्रपूरच्या प्रवीण भोयर यांना सहलीला जायची मुळीच हौस नव्हती. पण कार्यालयाने दिलेली प्रवास सवलत मार्चअखेर रद्द होणार होती, आणि मिळालेली सवलत रद्द होऊ देणं त्यांच्या लेखी दारात आलेल्या पाहुण्याला हाकलण्याइतकंच अशोभनीय होतं. म्हणून कुटुंबाने आनंद घ्यावा, असं ठरलं. स्थळ पत्नीने, म्हणजे दिव्यानीने निवडलं: चिमूरच्या रस्त्याला नवीनच झालेलं 'वनमाया ग्रामविहार'. तिथे एकाच कुंपणाच्या आत जंगल, गाव, धबधबा, आगगाडी आणि वातानुकूलित झोपड्या होत्या. सवलतीच्या कागदांत आईचं नाव 'आश्रित' म्हणून लागलेलं होतं. त्यामुळे आईलाही आनंद घेणं भाग होतं.

"जंगल पहाले पैसे देऊन जंगलात काऊन जाचं?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "माहा बाप आलापल्लीच्या डेपोत सागाचे लठ्ठे मोजे. जंगल पाहून पाहूनच मी मोठी झाली. तुम्ही जा. मी घरीच बरी."

"आजी, तिथं वाघाच्या तोंडातून घसरगुंडी आहे," नातीने, चंचलने, माहिती दिली.

"आमच्या वख्ती वाघाच्या तोंडात जात, पोरी. बाहेर कोनी निंगत नव्हतं."

विषय तिथेच संपला असता. पण दुसऱ्या दिवशी नीलाबाई भाजी घेऊन आली. तिचं माहेर चिमूरकडचं. वांगी मोजता मोजता ती बोलून गेली, "वनमायात तं तुमची बुधरीबाई हाय कामावर. आजी म्हणून."

"आजी म्हणून म्हंजे?"

"आजी म्हणूनच वो बाई. पगारी आजी. झोपडीपुढं बसाचं, पाहुण्याईले रामराम कराचं."

मनकर्णाबाईंनी हातातलं वांगं टोपलीत परत ठेवलं. संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं की मी येते. आपल्या समजावण्याचा परिणाम झाला, असं प्रवीणरावांनी मानलं आणि दिव्यानीकडे बघून मान डोलावली.

बुधरी मडावी आणि मनकर्णा एकाच टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, वाढल्या होत्या. एकीचा बाप डेपोत, दुसरीचा रानात. पहाटे मोहफुलं वेचायला जाताना दोघींची एकच टोपली असायची आणि भांडणंही एकच. पुढे लग्नं झाली, एक चंद्रपूरला आली, एक लेकीच्या मागे चिमूरकडे गेली. मध्ये किती वर्षं गेली याचा हिशेब दोघींनी ठेवला नव्हता. हिशेब वेगळ्याच गोष्टीचा राहिला होता.

झाडीपट्टीतल्या जुन्या बाया भेटल्या की 'कशी आहेस' असं विचारत नसत. विचारून कुठे खरं उत्तर मिळतं? त्या एकमेकींच्या गळ्यात पडून मोठ्याने रडत. नुसते हुंदके नव्हेत, चालीवर, शब्दाला शब्द जोडून. मागच्या भेटीनंतर कोण गेलं, कोणाला लेकरू झालं, कोणती गाय आटली, कोणाच्या घरावरचे कवेलू वादळात उडाले, सगळा हालहवाल त्या रडण्यातून इकडचा तिकडे जायचा. तो संपला की पदराने नाक पुसायचं, चहा मांडायचा, आणि मग ज्या हसायला बसायच्या त्या दिवेलागणीपर्यंत. मनकर्णाबाईंच्या तरुणपणी फाट्यावर एसटी उभी असताना खाली अशी भेट सुरू झाली, तर कंडक्टर घंटीची दोरी हातात धरून थांबायचा. "होऊ द्या बायाईचं," म्हणायचा. ड्रायव्हर खाली उतरून बिडी पेटवायचा. गाडीला उशीर का झाला, असं आगारात कोणी विचारलंच तर 'भेट होती' एवढं उत्तर पुरायचं.

त्यातही एक बारीक गोष्ट होती. बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. तो गेल्यावरही नाही. मग त्याच्या नावाने हंबरडा फोडायचा कोणी? ते काम मैत्रिणीचं. तुझ्या माणसाचं नाव मी घेणार, माझ्या माणसाचं तू.

मनकर्णाबाईंचे यजमान मुखरूजी करोनाच्या साली गेले. त्यांना प्लास्टिकच्या कपड्यातल्या माणसांनी नेलं. गर्दीला मनाई होती, आणि रडायला माणूस जवळ लागतं. त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी बुधरीचा नवरा जंगू गेला. मनकर्णाबाईंनी फोनवर रडून पाहिलं होतं. मध्येच रेंज गेली. तेव्हापासून दोन्ही माणसं गेली होती खरी, पण त्यांच्या नावाने कोणी रडलं नव्हतं. मनकर्णाबाईंना वाटायचं, ती अजून दाराबाहेर चपला घालून उभीच आहेत.

वनमायाच्या दारात फायबरचा प्रचंड वाघ होता. त्याच्या जबड्यातून पाणी आणि लेकरं आलटून पालटून बाहेर पडत होती. आतली मोहाची झाडंही फायबरची होती. त्यांना बारमाही फुलं होती आणि खोडात स्पीकर. स्पीकरमधला मोर ओरडला की कुंपणाबाहेरचा खरा मोर उत्तर द्यायचा, आणि मग विचारात पडल्यासारखा गप्प व्हायचा. या सगळ्याच्या वर सोनेरी अक्षरांत पाटी होती: 'अश्रुमुक्त परिसर'. हा दर्जा वनमायाला कुठल्याशा मंडळाने रीतसर तपासणी करून दिलेला होता. आवारात कोणाच्याही डोळ्यांत पाणी दिसलं की त्याला तात्काळ 'समाधान कक्षा'त नेऊन आईस्क्रीम देण्यात येई. नेहमी येणारी लेकरं आल्याआल्याच भोकाड पसरत.

कुटुंबाचं स्वागत 'हर्ष अधिकारी' अजय याने केलं. गळ्यात ओळखपत्र, ओठांवर नियमानुसार स्मित.

"आजी, इथे तुमचा आनंद ही आमची जबाबदारी. तुम्ही फक्त सहकार्य करायचं."

"कसं?"

"दुःखी व्हायचं नाही."

"अन् झाली तं?"

"तशी तरतूद नाही, आजी."

"बरं. बुधरी कुठी भेटते?"

"ग्रामजीवन विभाग. तो उद्या सकाळी. आज तुम्हाला धबधबा आहे."

धबधबा नळाचा होता आणि ठरल्या वेळी बंद होत होता. मनकर्णाबाईंनी तोही सहन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांच्या जथ्याबरोबर त्या ग्रामजीवन विभागात पोचल्या. शेणाच्या रंगाने रंगवलेली झोपडी होती. पुढ्यात जातं होतं. पाहुण्यांची बोटं चेंगरू नयेत म्हणून त्याच्या दोन्ही पाळ्या सिमेंटने चिकटवलेल्या होत्या. त्या जात्यामागे, संस्थेने दिलेलं लालभडक लुगडं नेसून, बुधरी बसली होती. केस पांढरे झाले होते. हनुवटीवरचं गोंदण मात्र जिथल्या तिथे.

"पाहुणे मंडळी," शाळेतल्या पोरीने पाठ म्हणावा तशी बुधरी म्हणाली, "आमच्या चिमुकल्या गावात आपलं हार्दिक स्वागत आहे. आम्ही निसर्गाच्या कुशीत सुखाने नांद..."

तिची नजर मनकर्णाबाईंवर पडली आणि पाठ तिथेच तुटला.

पुढे काय झालं ते पाहुण्यांना नीट कळलं नाही. पगारी आजी उठली, एका गिऱ्हाईक आजीच्या गळ्यात पडली, आणि असा सूर लागला की फायबरच्या मोहातला मोरसुद्धा ऐकू येईनासा झाला.

"कुठी होतीस वो माह्ये बाई, कुठी होतीस वो! वाट पाहून डोरे गेले वो बाई! मुखरूभाऊ गेला वो, अन् मले आल्या-गेल्याच्या तोंडून समजलं वो! बाजारातून येताना माह्या पोरीले लाल रिबन आणे वो मुखरूभाऊ, आता कोन आणन वो!"

निम्मं मराठीत, निम्मं गोंडीत. मनकर्णाबाईंच्या कानांवर ते नाव पडलं आणि त्यांच्या आत काहीतरी जागचं हललं. घरात मुखरूजींचे 'बाबा' झाले होते, भिंतीवर फोटो झाला होता, कागदपत्रांत 'कैलासवासी' झाले होते. मुखरू म्हणून मोठ्याने हाक किती वर्षांत कोणी मारली नव्हती. मनकर्णाबाई मन भरून रडल्या. मग पाळी बदलली. त्यांनी बुधरीची मान खांद्यावर घेतली, श्वास भरला आणि सुरुवात केली, "जंगू..."

तेवढ्यात भोंगा वाजला.

चारही बाजूंनी गणवेशातली माणसं धावून आली. एकाने चाकाची खुर्ची आणून मनकर्णाबाईंना तिच्यात बसवलं, दुसऱ्याने दोरी लावून जागा बंद केली, तिसऱ्याने बुधरीला बाजूला धरलं. मनकर्णाबाईंच्या तोंडात जंगूभाऊ अर्धाच राहिला.

"आई, काय हे! लोक बघत होते," प्रवीणराव खुर्चीबरोबर धावता धावता म्हणाले.

लोक नुसते बघत नव्हते. नागपूरच्या एका बाईंना आपली गेलेली आई आठवली आणि त्यांनी तिथेच पदर डोळ्याला लावला. त्यांना बघून त्यांची जाऊ रडली. एक निवृत्त इंजिनिअर, ज्यांनी धाकट्या भावाशी बांधाच्या भांडणावरून बोलणं टाकलं होतं, ते जात्यावर डोकं टेकून हमसू लागले. रांगेतली लेकरं तर आईस्क्रीमच्या आशेने आधीच तयार होती. दुपारपर्यंत 'रुदनाचा प्रादुर्भाव' आगगाडीच्या स्थानकापर्यंत पोचला. व्यवस्थापनाने ग्रामजीवन विभाग प्रतिबंधित क्षेत्र म्हणून घोषित केला आणि बुधरी मडावी हिची 'मूळ स्रोत' अशी नोंद घेतली.

समाधान कक्षात मनकर्णाबाईंच्या हातात आईस्क्रीम देण्यात आलं. अजय समोर बसला.

"आजी, नेमकं काय बिघडलं? जेवण? खोली? घसरगुंडी?"

"काईच नाई बिघडलं बाप्पा. भेट झाली."

"मग रडलात का?"

"भेट झाली म्हणून."

"म्हणजे ही भेट तुम्हाला नको होती."

"अरे, ह्या भेटीसाठी तं मी आली!"

अजयने बराच विचार केला. "म्हणजे तुम्हाला जे हवं होतं ते मिळालं, आणि त्यामुळे तुम्ही दुःखी झालात."

"दुःखी कोन झालं? मी रडली."

"आजी, दोन्ही आमच्याकडे एकाच रकान्यात येतं."

मग त्याने आवाज खाली आणून परिस्थिती समजावली. पाहुण्याला रडवणं हा सर्वांत गंभीर अपराध. बुधरीबाईंना संध्याकाळी कामावरून काढण्यात येईल. मनकर्णाबाईंच्या हातातला चमचा थांबला. बुधरीच्या जावयाला पाठीचं दुखणं होतं, लेक तेंदूपत्त्याच्या दिवसांपुरतीच कमावत होती. त्या घरात बारमाही चूल पेटायची ती या पगारी आजीवर.

"मी सांगते ना तुले, मी आनंदात हाय! लिहून घे."

"घेतलं असतं. पण रडलेल्या पाहुण्याचं म्हणणं आम्ही आठ तास ग्राह्य धरत नाही. त्याआधी हवं असेल तर तुम्हाला हसावं लागेल. साक्षीदारासमोर. मनापासून."

मनकर्णाबाई हसायला तयार होत्या. हसू तयार नव्हतं. त्यांनी दात दाखवून पाहिले. अजयने मान हलवली. विदूषक आला, तो बघून त्यांना त्याच्या आईची काळजी वाटली. दिव्यानीने मोबाईलवर विनोद दाखवले. त्यांच्याजवळ चष्मा नव्हता. शेवटी संस्थेचं अस्वल पाचारण करण्यात आलं. केसाळ कापडाच्या पोशाखात ते नाचलं, पाठ खाजवली, कोलांटी मारली. मग ते दमून मनकर्णाबाईंजवळ टेकलं, आणि त्याच्या पोटातून खोल आवाज आला:

"हासा ना वो आजी. माही ड्युटी संपून राह्यली. आत बम गरमी होते."

मनकर्णाबाईंना असं काही हसू फुटलं की आईस्क्रीम लुगड्यावर सांडलं. अजयने घड्याळ बघून हर्ष प्रमाणित केला. बुधरीची नोकरी वाचली, असं मनकर्णाबाईंना वाटलं.

पण प्रकरण तोवर महाव्यवस्थापकांकडे गेलं होतं. हे पियुष सर पुण्याहून आलेले, तरुण, आणि कोणत्याही आपत्तीकडे संधी म्हणून बघण्याचं शिक्षण घेतलेले. प्रतिबंधित क्षेत्रातल्या पाहुण्यांनी जाताना दिलेली मतं त्यांनी मागवली होती. जे रडले होते त्या सगळ्यांनी वनमायाला पाचपैकी पाच तारे दिले होते. इंजिनिअर साहेबांनी तर लिहिलं होतं, 'इतकं मोकळं इतक्या वर्षांत वाटलं नव्हतं. धबधब्यापेक्षा उत्तम.'

"आजी," पियुष सर मनकर्णाबाईंसमोर गुडघ्यावर बसले, "हे जे तुम्ही केलंत, ते पारंपरिक आहे का?"

"हे आमचं भेटनं हाय."

"पण इतर लोकही करायचे ना? पूर्वीपासून?"

"सारेच करे. आता कोन करते?"

"आता आम्ही करू," पियुष सर गंभीरपणे म्हणाले.

रात्रीत काम झालं. सकाळी दारावरची पाटी दुरुस्त होऊन 'अश्रुमुक्त परिसर (ग्रामजीवन विभाग वगळून)' अशी झाली, आणि झोपडीवर नवा फलक लागला: 'झाडीची भेट: एक अश्रुपूर्ण अनुभव'. बुधरीची शिक्षा मागे घेऊन तिला वरिष्ठ आजी करण्यात आलं. पाहुण्याने खिडकीवर शुल्क भरायचं आणि आपल्या गेलेल्या माणसाचं नाव सांगायचं. बुधरी त्याच्या गळ्यात पडून त्या नावाने रडणार. मदतीला गावातल्या तरुण पोरी घेतल्या. त्यातल्या स्वाती नावाच्या पोरीच्या घरचं सुदैवाने अजून कोणीच गेलेलं नव्हतं, तरी तिचा सूर बरा होता. काही सुधारणाही झाल्या. आटलेल्या गाई आणि उडालेले कवेलू हे विषय नकारात्मक ठरवून वगळले. नाक कॅमेऱ्यासमोर पुसायचं नव्हतं. शिवाय आवाज करून फक्त कर्मचारी रडतील. पाहुण्याने शांतपणे अश्रू ढाळावेत, म्हणजे पुन्हा प्रादुर्भाव व्हायला नको.

मनकर्णाबाई अजयकडे गेल्या. "बाप्पा, आमची भेट अर्धी राह्यली. बुधरीच्या घरच्याचं बाकी हाय. मले एकडाव बसू दे तिच्याजवळ."

"आजी, ते आता सशुल्क झालं. काल तुम्ही विनाशुल्क लाभ घेतलेलाच आहे." मग त्याने आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाला, "माही आजीबी अशीच रडे. मी लहान होतो तं भेव वाटे मले." लगेच त्याने ओळखपत्र सरळ केलं. "निघण्यापूर्वीची शेवटची पाळी तुमच्या नावावर ठेवतो."

प्रवीणरावांनी सवलतीचे नियम उलटून पाहिले. त्यात रडणं बसत नव्हतं. तरी त्यांनी शुल्क भरलं. आईवर त्यांचं प्रेम होतंच, फक्त त्याला पावती मिळाली असती तर बरं, असं त्यांना वाटलं. खिडकीवरच्या मुलीने नाव विचारलं. मनकर्णाबाईंनी सांगितलं, "जंगू."

रांग मोठी होती. मनकर्णाबाईंच्या पुढे एक जोडपं होतं. त्यांनी दिलेलं नाव गोल्डी. बुधरी गोल्डीसाठी भरपूर रडली, "दारात वाट पाहे वो गोल्डी, आता कोन पाहन वो!" ते ऐकून जोडपं विरघळलं. नंतर कळलं की गोल्डी कुत्री होती. बुधरीने रडण्यात काहीच कमी केलं नव्हतं.

मनकर्णाबाईंची पाळी आली. बुधरीचा घसा बसला होता, डोळे सुजले होते. तिने मान पुढे करून अगदी हळू विचारलं:

"बाई, ड्युटीचं रडू का घरचं?"

"तू नोको रडू. आता माही पाळी हाय."

मनकर्णाबाईंनी तिला जवळ घेतलं. अजय पुढे झाला. "आजी, माफ करा. रडण्याची जबाबदारी आमची. तुम्ही फक्त डोळे ओले करा. बुधरीबाई, चला. नाव, जंगू."

बुधरीने मान फिरवली.

"बुधरीबाई, जंगू."

बुधरीने लुगड्याचा पदर तोंडात धरला आणि खाली बघितलं.

"तिच्या घरचं नाव हाय ते," मनकर्णाबाई म्हणाल्या. "बुधरी कशी घेईन ते? म्हणून तं मी आली."

पियुष सर बोलावण्यात आले. त्यांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या. एकीला नाव घेता येत होतं, पण ती पाहुणी असल्यामुळे रडता येत नव्हतं. दुसरीला रडता येत होतं, पण नाव घेता येत नव्हतं. शुल्क तर भरलेलं होतं. ते परत करण्याची तरतूद नव्हती.

"सोपं आहे," पियुष सर म्हणाले. "स्वाती करेल."

स्वाती आली. मोठ्या अदबीने दोघी म्हाताऱ्यांच्या मध्ये बसली. तिने कानाला माईक लावला, खिडकीकडून नाव पक्कं करून घेतलं आणि सूर धरला, "जंगूकाका गेले हो बाई! किती प्रेमळ होते हो जंगूकाका! आता कोण गोष्टी सांगेल हो!" जंगूने उभ्या जन्मात कोणाला गोष्ट सांगितली नव्हती. तो मुका असल्यासारखाच होता. बैलांशी तेवढा बोलायचा. मनकर्णाबाई आणि बुधरी दोन बाजूंना मांड्या घालून, दुसऱ्याच्या घरच्या कीर्तनाला आल्यासारख्या, भिडेखातर ऐकत राहिल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. चंचलने व्हिडिओ काढला. स्वातीने विचारलं, "बरं झालं नं, आजी?" पोरीची चूक नव्हती. मनकर्णाबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

निघताना त्यांनी बुधरीच्या कानात सांगितलं, "सुट्टीच्या दिवशी येजो चंद्रपूरले. माह्या घरी. तिथी आपल्याले कोनी अडवत नाई."

घरी आल्यावर दिव्यानीने व्हिडिओ टाकला. तो झपाट्याने पसरला. शेकडो लोकांनी हात जोडले. आपली संस्कृती, आपली माती, असं बरंच काही लिहिलं. 'हे जपलं पाहिजे' हे तर प्रत्येकाने लिहिलं. प्रवीणरावांच्या इमारतीतली चार कुटुंबं पुढच्याच शनिवारी वनमायाला जाऊन पैसे भरून रडून आली, आणि लिफ्टमध्ये भेटली की एकमेकांना आपल्यासाठी कोण रडलं ते सांगू लागली. बुधरीकडे गर्दी फार असते, असंही ऐकू आलं. ती असली तरच जा, म्हणत. दुसऱ्या कोणाच्या रडण्यात ती मजा नाही.

असंच पंधरा-वीस दिवसांनी, उन्हाळ्यातल्या एका रविवारी भर दुपारी, भोयरांच्या दाराची घंटी वाजली. मनकर्णाबाईंनी दार उघडलं. लिफ्टची सवय नसल्यामुळे बुधरी तिसऱ्या मजल्यावर पायऱ्या चढून आली होती. एका हातात चारोळ्यांची पुरचुंडी, दुसरा हात कठड्यावर. लुगडं घरचं होतं, पांढरं, निळ्या काठाचं.

"आज ड्युटी नाई," ती म्हणाली.

मनकर्णाबाई उंबऱ्याबाहेर आल्या. त्यांनी बुधरीची मान खांद्यावर घेतली, इतक्या दिवसांचा श्वास छातीत भरला आणि सूर मोकळा सोडला:

"जंगूभाऊ गेला वो बाई! बैलाईच्या मांगं मांगं चाले वो माहा जंगूभाऊ..."

तो सूर जिन्यातून वर गेला, खाली गेला. सगळ्या मजल्यांवरची दारं उघडली. त्यांतून तुमच्या-माझ्यासारखी सज्जन, सुशिक्षित, संस्कृतीची कदर असणारी माणसं बाहेर डोकावली. त्यातल्या एकालाही तो आवाज ओळखीचा वाटला नाही. "कोण गेलं?" असं कोणीतरी विचारलं. "दुपारची वेळ आहे, लेकरं झोपलीत," असं दुसऱ्या कोणीतरी सांगितलं. खालच्या मजल्यावरून पहारेकऱ्याला फोन गेला.

दिव्यानी आतून धावत आली. तिने एका हाताने सासूला धरलं, दुसऱ्या हाताने बुधरीला, दोघींना घाईघाईने आत ओढलं आणि दार लावता लावता दबक्या आवाजात म्हणाली:

"आई, हळू! इथे माणसं राहतात."